डॉ. विक्रांत कुठंच हात लावत नाहीत

मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर होते. उभं आयुष्य मी माणसांच्या इतक्या जवळ उभी राहिले की त्यांचं आतडं मला दिसायचं, पण रस्त्यात भेटलं तर मला कोणी ओळखत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला लोक मुलांच्या लग्नाच्या पत्रिका आणून देतात. आमची आणि पेशंटची गाठ पडते तेव्हा पेशंट एक तर झोपलेला असतो, नाहीतर डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत असतो, आणि आमचं तोंड मास्कच्या आत. एकदा औरंगपुऱ्यात भाजी घेताना एका बाईंनी मेथीच्या शेवटच्या जुडीवरून माझ्याशी चांगलंच भांडण केलं. त्यांचं अपेंडिक्स मी स्वतःच्या हातानं ट्रेमध्ये ठेवलं होतं. पण हे भर बाजारात सांगणार कसं? मी जुडी सोडून दिली.

याची मला थोडी खंत होती, उगाच नाही म्हणणार नाही. पण नोकरी संपल्यावर ती पार धुऊन निघाली. माझे हात महाराष्ट्रभर गाजले. फक्त हात, आणि तेही एका पुरुषाचे म्हणून. ही हकिगत सांगायची तर आधी आमच्या साहेबांबद्दल सांगावं लागेल.

आमचे साहेब म्हणजे डॉक्टर सिद्दीकी. जुन्या शहरात एका कापडाच्या दुकानाच्या वर त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं. साहेबांचा हात असा की बघत राहावं, आणि तोंड असं की ऐकत राहावं लागे. पेशंटशी मराठी, आमच्याशी दखनी उर्दू, आणि विषय एकच, खाणं. पहिला छेद दिला की साहेब सुरू. नान खलिया, म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं रोटी-मटण, कुठल्या लग्नात चांगला झाला होता, कुठल्या बावर्चीनं मसाल्यात हात आखडला, आंब्याच्या लोणच्यात मोहरी किती असावी. एखाद्याचं पित्ताशय काढता काढता साहेबांनी मला बगारा बैंगन करायला शिकवलं. आजही मी ते तसंच करते, फक्त कांदा परतताना मला दर वेळी तो पेशंट आठवतो.

बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसतो. त्यांना वाटतं, थिएटरमध्ये देवळासारखी शांतता असते. अहो, आम्हाला भीती शांततेचीच. साहेब बोलतायत म्हणजे सगळं ठीक चाललंय. साहेब गप्प झाले म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. एकदा मोटारसायकलवरून पडलेला एक मुलगा टेबलावर होता आणि साहेब लोणच्याच्या बरणीपाशी आले असताना वाक्य अर्धंच राहिलं. मी न मागता चिमटा हातात ठेवला, थिएटरमधल्या कामवाल्या मावशींनी न सांगता रक्ताची बाटली आणायला धाव घेतली. बऱ्याच वेळानं साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "तो बाई, राई ज्यादा नक्को डालो." तेव्हा कुठं आम्ही श्वास सोडला. तो मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे आणि लोणच्याच्या बरणीवर आपला जीव टांगला होता हे त्याला माहीत नाही.

तर अशा साहेबांच्या हाताखालून रिटायर झालेली मी. घरी आमचे हे, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, माझ्या आधीच रिटायर. दिवसभर एकमेकांच्या पायात येत होतो. तेवढ्यात निरोप आला की पैठण रोडवर चितेगावला एका बंद कारखान्यात टीव्हीच्या मालिकेसाठी खोटं हॉस्पिटल उभं राहतंय आणि त्यांना थिएटरची माहिती असलेली बाई पाहिजे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि शहरात शूटिंग म्हणजे नवलाई होती. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

दिग्दर्शक नंदन सर मुंबईचे. त्यांनी मला त्यांचा नायक समजावून सांगितला. "डॉक्टर विक्रांत. बुद्धिमान, पण तुटक. कोणाशी बोलत नाही, कोणाकडे बघत नाही. माणसांमध्ये असून नसल्यासारखा. तुम्ही असे सर्जन पाहिले असतीलच."

मी म्हटलं, "नाही हो. आमचे साहेब तर..."

"तुमचे साहेब राहू द्या," ते म्हणाले.

मग नायक आला. त्याचं नाव सोपान. सोयगावकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला, कॉलेजात नाटकं करून पुढे आलेला. उंच, सरळ नाकाचा, गंभीर उभा राहिला तर कोणालाही वाटावं की हा आता मेंदू उघडणार. अडचण एवढीच की तो गंभीर उभाच राहत नसे. आल्या आल्या सगळ्यांच्या पाया पडला. चहावाल्याच्याही पडला. लाइटवाल्याच्या खांद्यावर हात टाकून "जेवलास का रं दादा?" म्हणाला. मला तर मिठीच मारणार होता, मी हातातला ट्रे मध्ये धरला. नंदन सरांनी कपाळाला हात लावला आणि मला म्हणाले, "सिस्टर, याला तुटक करा."

तुटक कसं करतात हे मला कुठं माहीत? मला एकच गोष्ट शिकवता येत होती, हात धुणं. तर मी तीच शिकवली. वाचकांनाही थोडक्यात सांगते. थिएटरमध्ये जगाचे दोनच भाग, धुतलेलं आणि न धुतलेलं. कोपरापर्यंत हात घासून धुतले, गाऊन-हातमोजे चढवले की माणूस धुतलेल्यांत जातो. मग त्यानं हात छातीसमोर धरायचे, कमरेच्या खाली न्यायचे नाहीत, न धुतलेल्या कशालाही शिवायचं नाही. दार पायानं किंवा पाठीनं ढकलायचं. शिवलं की परत पहिल्यापासून. साहेबांचं नाक खाजलं तर ते मान पुढे करायचे आणि मावशी गॉजच्या कापडानं खाजवून द्यायच्या. "थोडं डावीकडं, मावशी," हे वाक्य मी साहेबांच्या तोंडून खलियाच्या खालोखाल ऐकलंय.

मी सोपानला म्हटलं, "हे बघ. एकदा हात धुतले की तू कोणाचा नाहीस. कोणाला हात लावायचा नाही. नजर टेबलावर. उगाच बोलायचं नाही, मास्क असला तरी थुंकी उडते."

"किती येळ, सिस्टर?"

"मी हात खाली घे म्हणेपर्यंत."

हे फक्त थिएटरपुरतं, असं सांगायचं मला सुचलं नाही. आमच्यात ते कोणाला सांगावं लागत नाही. आणि सोपान पडला आज्ञाधारक.

दुसऱ्या दिवशी कँटीनचा सीन. नायिका, म्हणजे मालिकेतली तरुण डॉक्टर, त्याच्यासाठी लाजत लाजत चहा घेऊन येते. हा उभा, हात छातीसमोर, कोपर आत, नजर तिच्या डोक्यावरून भिंतीकडे. ती कप पुढे करते, हा घेत नाही. ती परत पुढे करते. हा पाठीनं दार ढकलून निघून जातो. त्या पोरीला वाटलं, हा सीन विसरला, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी तोंडाला पदर लावला. आता बिचाऱ्याची नोकरी जाणार. पण नंदन सर खुर्चीतून उठले, दोन्ही हात जोडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही काय केलंत याला? असंच राहू द्या."

मग काय, असंच राहिलं. डॉ. विक्रांत फोन हातात घेत नाहीत, दुसरा कोणीतरी कानाला धरतो. डॉ. विक्रांत हस्तांदोलन करत नाहीत. डॉ. विक्रांतांची आई कित्येक वर्षांनी भेटते आणि डॉ. विक्रांत तिच्याकडे न बघता हात छातीसमोर धरून उभे राहतात, मागे सनई. महाराष्ट्र वेडा झाला. गणपतीत एका मंडळानं त्याला आरतीला बोलावलं, तिथंही त्यानं ताम्हनाला हात लावला नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीतली पोरं जेवायच्या आधी हात धुऊन ते वर धरून यायची आणि आईला म्हणायची, "भरव." माझ्या शेजारणीनं मला दारात गाठून विचारलं की हे थेर कोणी शिकवले याला. मी म्हटलं, काय माहीत बाई.

आता माझ्या हातांचं. सोपानला सगळं जमलं, पण सुई पकडायची पकड काही धरता येईना. टाका घालायचा म्हणजे गोधडी शिवल्यासारखा दोन्ही हातांनी ओढायचा. म्हणून टाक्यांचे जवळचे शॉट माझ्या हातांचे घेतले. मोज्यांतून बाई कोण, पुरुष कोण, काय कळतंय? पहिल्यांदा ते घरी टीव्हीवर आलं तेव्हा समोरच्या काकू आमच्याकडे बसल्या होत्या. उसासा टाकून म्हणाल्या, "काय हात आहेत बाई. या हातांनी मरण आलं तरी चालेल." आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "याच हातांनी मला आज सकाळी दोडका चिरायला बसवलं." त्यांनी धाग्याला पीळ द्यायच्या पद्धतीवरून मला ओळखलं होतं. इतक्या वर्षांत माझं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, बटण लावतानाचे हात तेवढे पाहिले होते. मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

एकदा मात्र मी घोळ घातला. मोठा रडारडीचा सीन होता. टेबलावर पेशंट, काचेपलीकडे नातेवाईक, डॉ. विक्रांत हात वर धरून उभे. आणि सोपाननं मोज्याच्या बोटानं नाक खाजवलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हात खराब झाले. बाहेर हो." आयुष्यभराची सवय, मी काय करू? मोठमोठ्या डॉक्टरांना बाहेर काढलंय मी असं. सोपान मुकाट वळला, पाठीनं दार ढकललं, बाहेरच्या बेसिनवर गेला आणि खोट्या नळाखाली, पाणी नसताना, बोटाबोटांतून हात धुऊ लागला. नंदन सरांनी माझा आवाज काढून टाकला आणि बाकी सगळं दाखवलं. रडणाऱ्या नातेवाइकांना सोडून डॉ. विक्रांत एकाएकी निघून जातात आणि एकटेच कोरड्या नळाखाली हात धूत राहतात. एका पेपरात कोणीतरी लिहिलं की या पात्राचं दुःख फार खोल आहे.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका सकाळी आमच्या खोट्या हॉस्पिटलच्या फाटकात एक जीप येऊन थांबली. मागच्या बाकावर सोपानचे वडील, आबा, पाय पोटाशी घेऊन पडले होते. शहरात मुलाचा हाच पत्ता त्यांना माहीत होता. वॉचमन जीपवाल्याला सांगत होता, "अरे बाबा, हे खोटं हॉस्पिटल आहे. शूटिंगचं."

आबा आतून म्हणाले, "खोटं हाय ते ठावं हाय मला. पोरगं तर खरं हाय ना?"

मी जाऊन पाहिलं. जांघेत लिंबाएवढी गाठ, दगडासारखी कडक, हात लावू देईनात. पहाटेपासून उलट्या. वर्षानुवर्षं त्यांनी ती गाठ फडक्यानं बांधून मेंढ्यांमागं चालत काढली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. याला हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतीला भोक पडतं आणि आतडं त्यातून बाहेर डोकावतं. आत-बाहेर करतंय तोवर माणूस निभावून नेतो. पण ते भोकात अडकलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते काळं पडतं, आणि मग माणूस वाचणं अवघड. आबांचं अडकलं होतं. मी सोपानला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. सगळ्या सेटवर खऱ्या कामाची एकच गोष्ट होती, मालिकेची अँब्युलन्स. तिच्यात आबांना घातलं आणि निघालो साहेबांकडे.

आता सांगते ते ऐकून हसू येईल, तेव्हा मात्र माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. अँब्युलन्सवर मालिकेतल्या हॉस्पिटलचं नाव, खिडकीत पांढऱ्या कोटात डॉ. विक्रांत. सायरन ऐकून लोक बाजूला व्हायचे ते जवळच यायला लागले. चौकात रिक्षावाले कॅमेरा कुठं आहे ते शोधत होते. सोपान खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात जोडून म्हणत होता, "वाट द्या ओ, माझा बाप हाय आत." आणि लोक टाळ्या वाजवत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, आज पहिल्यांदा बोलला. काय काम करतो गं." शेवटी मी खाली उतरले आणि थिएटरमधल्या आवाजात सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हा वाट मिळाली.

साहेब दारातच होते. आबांच्या पोटावर हात ठेवला आणि नेहमीसारखे सुरू झाले. "आबा, घाबरायचं नाही. मी आहे ना. धनगर तुम्ही? मग एक सांगा मला. खलियाला मेंढ्याची मान चांगली का मांडी? मी म्हणतो मान. मान अशी हलक्या हातानं सोडवायची..." बोलता बोलता बोटांनी गाठ तपासून झाली, आणि साहेब हात धुवायला वळले.

आबांनी सोपानची बाही धरली. "ह्यो डाक्तर हाय का खाटीक?"

"आबा, लई मोठा डाक्तर हाय त्यो."

"लई बोलतो. बोलणाऱ्याचं ध्यान सुरीवर नसतं. मी नाय कापून घेत ह्याच्याकडून."

"आबा, येळ नाय आपल्याला."

"मंग त्यो तुझ्या टीव्हीतल्यावानी बघ. गप. कुठंच हात न लावणारा. त्यो खरा डाक्तर."

"आबा, त्यो मीच हाय की."

"तू नाय. तू त्याचं सोंग घेतो. तुला मी वळखतो, कोकराला दवा पाजताना रडायचास तू." आणि आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

हा आडमुठेपणा आला कुठून ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? कँटीनमध्ये चहा न घेणारा डॉक्टर मीच घडवला होता, आणि आता तो आबांच्या आणि जगातल्या सगळ्यात चांगल्या हातांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. आत आतडं काळं पडत होतं. दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायला वेळ नव्हता.

मी साहेबांना सांगितलं, तर ते जराही रागावले नाहीत. "सिंधूबाई, मरीज सही बोल रा. मेरी बीवी भी यहीच बोलती." मग सोपानकडे वळले. "चल बेटा, सिखा मेरेकू."

कॉरिडॉरमध्ये जे झालं ते कोणी चित्रित करायला हवं होतं. खोटा सर्जन खऱ्या सर्जनला सर्जन व्हायला शिकवत होता. सोपानच्या डोळ्यांत पाणी, पण शिकवणं चोख. "साहेब, हात वर. कोपर आत. आबांकडं बघायचं नाय, त्यांच्या डोक्यावर खिळा हाय त्याच्याकडं बघा."

"मुस्कुराना?"

"नाय, साहेब."

"थोडा भी नक्को?"

"थोडं बी नाय."

साहेब टोपी, मास्क, गाऊन चढवून आत गेले. पाठीनं दार ढकललं. हात छातीसमोर धरून आबांच्या पुढ्यात उभे राहिले आणि खिळ्याकडे बघत राहिले. आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "हां. ह्यो ठीक हाय," आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "हाथ धो लो, सिंधूबाई." मी रिटायर झालेय हे आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं.

अशा ऑपरेशनला पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर करतात. पेशंट जागा असतो, मध्ये हिरवा पडदा धरलेला असतो, त्याला दिसत काही नाही पण ऐकू सगळं येतं. म्हणजे साहेबांना शेवटपर्यंत गप्प राहणं भाग होतं. आणि इथं माझी पंचाईत झाली. आयुष्यभर मी साहेबांच्या बोलण्यावरून पेशंट ओळखत आले. आता साहेब पहिल्यापासूनच गप्प. हे सोंग म्हणून गप्प आहेत का खरंच, हे मला कळेना. भूल देणारे डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी साहेबांच्या कपाळाकडे. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून पुटपुटायला लागल्या. यंत्राची टकटक तेवढी ऐकू येत होती. बाहेर सोपान होता, आणि साहेबांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी त्याला सेटवर चहा पिताना अनेकदा सांगितला होता.

भोक मोकळं केलं आणि अडकलेलं आतडं हाताशी आलं. जांभळं-काळं. साहेबांनी कोमट पाण्यात भिजवलेला गॉज मागितला, म्हणजे नुसता हात पुढे केला, आणि मी ठेवला. त्यात ते आतडं गुंडाळलं. आता फक्त थांबायचं असतं. रंग परत आला तर जिवंत, नाही आला तर तेवढा भाग कापून टाकायचा, आणि आबांच्या त्या थकलेल्या अंगाला तेवढं झेपेल अशी खात्री कोणीच देऊ शकलं नसतं. साहेबांच्या भुवईवर घाम जमला. आता मला कळलं की हे गप्प बसणं खरं आहे.

पडद्यापलीकडून आवाज आला. "डाक्तर."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं.

"डाक्तर, मघाशी मानेचं सांगत व्हता तुमी. फुडं काय?"

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. आबा सावकाश बोलत होते. "म्या तवाच वळखलं तुमाला. मी मेंढरं चालीवरनं वळखतो. तुमी डावा पाय दाबून चालता. पर पोरानं एवढं शिकवलं तुमाला, म्हणलं त्याचं मन कशाला मोडा." मग थोडं थांबून, बारीक आवाजात, "आता बोला कायतरी. लई गप झालंय हितं. भ्या वाटतं."

साहेबांची नजर गॉजवरून हलली नाही. आबांना भीती वाटतेय आणि साहेब बोलू शकत नाहीत, कारण सांगण्यासारखं अजून काही नाही, हे मला कळत होतं, आणि मला पडदा ओलांडून त्या म्हाताऱ्याचा हात धरावासा वाटला. पण मी धुतलेली होते. धुतलेल्या माणसाला तेवढंही करता येत नाही. आमच्या कामातलं मला न आवडलेलं हे एकच.

मग साहेबांनी गॉजचा कोपरा उचलला. खाली गुलाबी कड दिसली. आणखी उचलला. कडेपासून आतपर्यंत रंग चढत होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते आतडं झोपेतून उठल्यासारखं जरासं हललं.

"मान, आबा," साहेब म्हणाले. "मानच घ्यायची. मांडी सुकी होते."

"मांडी कोण घेतं," आबा म्हणाले.

मग दोघं जे सुटले ते शेवटच्या टाक्यापर्यंत. कुठल्या चाऱ्यावरच्या मेंढ्याचं मटण गोड, ते शिजायला किती वेळ लागतो, मोठ्या देगेखाली लाकूड कुठलं लावावं. आबांना मसाल्यातलं काही कळत नव्हतं आणि साहेबांना चाऱ्यातलं, त्यामुळे चांगलं जमलं. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी टाक्याचा दोरा ओवत होते आणि मला दोरा दिसत नव्हता, डोळे भरले होते.

ऑपरेशन संपल्यावर मी पाठीनं दार ढकलून बाहेर आले. सोपान दारासमोर उभा होता. बाकावर बसला नव्हता, भिंतीला टेकला नव्हता. दोन्ही हात छातीसमोर, कोपर आत. बाहेरच्या बेसिनवर त्यानं हात धुतले होते, आणि कसे धुतले असतील ते मला ठाऊक आहे, कारण साबणाचा पांढरा थर कोपरापर्यंत वाळलेला होता. चेहऱ्यावरून घाम गळत होता तो त्यानं पुसला नव्हता. येणारे-जाणारे पेशंट त्याला ओळखून लांबूनच बघत होते आणि त्यांना वाटत होतं, डॉ. विक्रांत असेच असतात.

"साहेब लई येळ गप व्हते," तो म्हणाला.

"होते."

"आता बोलतायत."

"बोलतायत. आबाही बोलतायत."

त्यानं मान हलवली, पण हात तसेच. "म्या कुठंच हात लावला नाय, सिस्टर. एकदा बी नाय."

त्या हातांचा आतल्या ऑपरेशनशी काही संबंध नव्हता हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण बापासाठी त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून त्याला जे एकच नीट येत होतं ते त्यानं दाराबाहेर उभं राहून केलं होतं. मास्क तोंडावर होता ते बरं झालं.

"हात खाली घे," मी म्हटलं.

ते लगेच खाली आले नाहीत, इतके अवघडले होते. मी मोजे काढले आणि माझ्या उघड्या हातांनी त्याचे हात धरून खाली केले. तेवढ्यात मावशींनी आबांची ट्रॉली बाहेर आणली. सोपान धावला आणि आबांचा हात धरायला गेला, आणि आबांनी आपला हात मागे घेतला.

"धुतलंस का?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"मंग धर."